म्हातारी

मी लेबलं चिकटवायचे.
एकोणचाळीस वर्षं, एमायोगी नदीच्या काठच्या बिअर कारखान्यात.
डाव्या हातात बाटली, उजव्या हाताची तर्जनी
आधी मधोमध दाबायची, मग दोन्ही कडांकडे.
अजूनही कुणाच्या कपाळाला हात लावून ताप बघते
तेव्हा बोट आपोआप बाजूला सरकतं.

लेबलावर असायचं: काळी बिअर, क्रमांक सहा.
एक ते पाच कुठे गेल्या, मी विचारलं नाही.
त्या काळी विचारत नसत.

पहिल्याच हिवाळ्यात धुलाईच्या हौदावर
युद्धाआधीच्या बाटल्या आल्या, गळ्यापर्यंत चिखल.
सोड्याच्या गरम पाण्यात एक कागद सुटला,
त्याच्याखाली दुसरा,
आणि सगळ्यात तळाशी, खपलीसारखा घट्ट,
दोन डोक्यांचा गरुड. वर मुकुट.
आमचा मुख्य कारागीर ओस्वाल्ड राउडकिवी
बाटली माझ्या हातातून काढून घेऊन
नखाने गरुड खरवडत राहिला, आधी एक डोकं, मग दुसरं,
आणि दाराकडे बघत बघत त्याने सांगितलं:

एक राणी होती म्हणे. परक्या मुलखातून सून म्हणून आलेली.
लग्नाआधी धर्म बदलला, नाव बदललं,
पुढे नवऱ्याला बाजूला सारून
त्याच्याच सिंहासनावर बसली.
तिच्या दरबाराला लंडनची काळी बिअर लागायची.
समुद्र लांबचा, थंडी हाडात शिरणारी.
म्हणून तिकडच्यांनी माल्ट वाढवला, हॉप्स हात सैल सोडून घातले,
आणि पिंपं जहाजात चढवली.
साधी बिअर वाटेत नासली असती,
ही वाटेत वयात आली.
दरबारात पोचली म्हणून शाही.
मग कधीतरी पिंपं यायची थांबली
आणि नुसतं नावच चालत चालत आमच्या नदीपर्यंत आलं.

"खरं का हे?"
"बाटलीवर तरी होतं," ओस्वाल्ड म्हणाला,
आणि नखातला गरुड पाण्यात झटकला.

शाही म्हणायची सोय नव्हती.
क्रमांक सहा म्हणायला जीभ वळत नव्हती.
गावाने परस्पर नाव ठेवलं: म्हातारी.
बारशाला म्हातारी, मयताला म्हातारी,
"अर्धा ग्लास म्हातारी दे रे, फार गार नको, तिला सोसत नाही."
सैबेरियाहून सात वर्षांनी परतलेल्या आर्वेद सेपने
पहिला घोट कितीतरी वेळ तोंडातच धरला.
राय-पावाची करपलेली कड, ज्येष्ठमध,
आणि शेवटी तो कडूपणा, जो जाता जात नाही.
गिळून म्हणाला,
"हिला नाही वाटतं नेलं कुणी."

म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो, असं म्हणतात.
आमच्याकडे काळ सोकावत गेला, एकामागून एक,
म्हातारी काही मेली नाही.
मीच किती कागद डकवले तिच्या अंगावर.
"उत्सवी काळी" तर चारच महिने टिकली;
ज्याने ते नाव काढलं होतं, तोच टिकला नाही.
पगारपत्रकात मी सोळा नंबर होते.
मला कुणी दुसरं नाव ठेवलं नाही.
ठेवलं असेलही, कानावर आलं नाही.

आता मुकुट परत आलाय, सोनेरी, उठावाचा,
चाचपडणाऱ्या बोटालाही वाचता येईल असा.
यंत्र चिकटवतं. खळ लागत नाही, बोटही लागत नाही.
परवा नव्या दुकानात गेले. काउंटरमागे
कानात तीन बाळ्या घातलेला पोरगा.
म्हणाला, आजी, काय देऊ? शाही घेता?

मी म्हटलं, म्हातारी.

त्याला वाटलं, मी स्वतःबद्दल बोलतेय.
बिचारा लगबगीने
खुर्ची घेऊन आला.