दोन्ही बाजूंची वही

देवांगना एकच वही दोन्हीकडून लिहिते.
पुढून बचत. मागून देणं.
मधे कोरी पानं आहेत अजून,
पण मागची बाजू जास्त चालते.

मी चक्कीवाला. लाखांदूरच्या रस्त्यावर,
पाटाच्या अलीकडे, टिनाचं शेड, दहाची मोटर.
दिवाळीच्या तोंडावर ती जळाली
आणि तांब्याची तार किती महाग असते
ते मला त्या दिवशी कळलं.
तेव्हापासून बुधवार आमचा राहिला नाही.

बुधवारी मोटरसायकलवर पोरगा येतो,
वच्छलाच्या ओसरीत खुर्ची टाकून बसतो.
खाली सतरंजीवर दहा बाया.
एकीचे सातशे वीस कमी पडले
तर दहाही जणींनी बसून राहायचं,
चुलीवर भात असो की अंगावर लेकरू.

आणि आमच्याच घरात, तांदळाच्या कोठीत खुपसलेलं
पोस्टाचं पासबुक. महिन्याला तीनशे.
अडतीस महिने, एक खाडा नाही.
मोटर जळाली त्या महिन्यातही नाही.
मी म्हणायचो, एका खिशाला भोक पडलंय
अन् तू दुसऱ्यात पैसे टाकत बसलीस.
ती म्हणायची, "मंग भोकाच्या खिशात टाकू का?"

मोनाली साकोलीहून आली, पॉलिटेक्निकची सुट्टी.
मोबाइलवर तिने हिशेब मांडला.
पोस्ट देते वर्षाला साडेसहाच्या आसपास,
सोनार घेतो महिन्याला तीन, म्हणजे छत्तीस.
"आई, पासबुक मोड. आधी डोरलं सोडव.
मग बुधवारवाला. किराणा सगळ्यात शेवटी,
रहांगडालेकाका व्याज नाही लावत."
बरोबर होतं.
इतकं बरोबर बोलता यावं
म्हणूनच तर फी भरली होती.

देवांगनानं भाताची पेज निथळू दिली.
झाकण ठेवलं, फडक्याला हात पुसले.
"डोरलं गळ्यात नाही ते मले दिसते.
माह्या हप्त्यापायी वच्छलाले उठता येत नाही,
ते साऱ्यायले दिसते."

डाकबाबूनं चष्म्यावरून पाहिलं.
"अजून बावीस महिने कळ काढा बाई,
पूर्ण व्याज मिळेल."
"कळ काढूनच आणले ना हे," ती म्हणाली.
बारा हजार आणि वर थोडे.
नोटा तिने दोनदा मोजल्या,
सात हजार आठशे वेगळे रुमालात बांधले,
गाठ मारली, दातानं ओढून घट्ट केली.

मग खिडकीतून हात परत आत.
"नवं खातं उघडा. दोनशेचं."

मी तिथंच, रांगेतल्या लोकांसमोर,
खेकसलो. सोनाराकडे डोरलं पडलंय,
किराण्याचे सव्वीसशे आहेत,
अन् हिला खातं पाहिजे!
तिनं फॉर्मवर अंगठ्याएवढ्या चौकटीत
पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट,
शाई वाळेपर्यंत थांबली.
"पुढच्या बारीले मोडाले तरी
काही पाह्यजे का नाही?"

पुढचा बुधवार आला. हप्ता नव्हता.
तरी ती गेली,
सतरंजीवर वच्छलाजवळ बसली
शेवटची बाई उठेपर्यंत.

डोरलं अजून तिकडेच आहे.
महिन्याचं व्याज तेवढं मी नेऊन देतो,
सोनार चहा विचारतो, मी पितो.

रात्री मोटर थंड झाली की
दगडांखालचं पीठ मी झाडून घेतो.
गव्हाचं, ज्वारीचं, लाखोळीचं,
कोणाकोणाचं, मूठ-दीड मूठ.
कोणाचं दळण त्यानं कमी भरत नाही
तरी रोज उरतं.
भाकर थोडी कडक होते. खाल्ली जाते.

काल ती वही घेऊन बसली होती
आणि माझ्या हातातल्या सुपाकडे पाहत होती.
"हे कुठून लिहू," म्हणाली,
"पुढून का मागून?"