निवडणी

सावळजच्या शेडमधला गंधकाचा वास
एकदा नाकात बसला की घरी गेलं तरी उठत नाही.
पट्ट्याच्या दोन्ही अंगांना बाया,
मधून सरकणारे बेदाणे, हिरवे, पिवळे, काळे,
देठासकट आलेले, फुटलेले, एखादा खडा.
मी कडेला उभी, काखेत मतदारयादी.
सकाळी अंगणवाडी, दुपारी हे.

दीक्षा साबळे, वय वर्षं अठरा, महिने चार.
आई याच पट्ट्यावर, पलीकडच्या टोकाला.
"फॉर्म भर," म्हटलं.
मान वर न करता म्हणाली,
"बाई, माझ्या एका मतानं काय डोंबल होतंय?"
शेजारची आर्जू मुलाणी फिसकन हसली,
"पैसे वाटतील त्या दिवशी घाला आमचं नाव."

मी लगेच काही बोलले नाही.
बोलण्यासारखं होतं ते सगळं पोस्टरवर होतं,
आणि पोस्टरवरचं तिनं शाळेत
निबंधात लिहून बक्षीस घेतलं होतं.

मी तिचे हात बघत राहिले.
हजार दाण्यांतला नेमका नको तो
तिच्या बोटांना डोळ्यांआधी कळत होता.
"हे काय करतेस गं?"
"दिसत नाही का? निवडतेय."
"मग मी तरी दुसरं काय सांगतेय?"

ती हसली नाही.
"इथं नको तो बाजूला टाकता येतो, बाई.
तिथं सगळेच देठवाले."
"तिथंही शेवटचं एक बटण असतं, कुणीच नको म्हणायचं.
पण ते दाबायलाही रांगेत यावं लागतं.
आणि तू हात मागं घेतलास
म्हणून पट्टा थांबत नाही, पोरी.
माल पुढं जातो, पेटीत भरतो, शिक्का बसतो,
मग पाच वर्षं तोच खायचा."

मग कुणाला कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं.
माझं पहिलं मत. लग्नाला सात महिने.
सासऱ्यांनी उंबऱ्यातच चिन्ह सांगितलं,
दुकानातून काय आणायचं ते सांगावं तसं.
पुठ्ठ्याच्या आडोशामागं मी एकटी होते,
त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच एवढी एकटी.
कुणी म्हणजे कुणी बघत नव्हतं,
आणि तरी मी तेच दाबलं.
यंत्र लांब शिट्टी घालतं ना,
ती अजून ऐकू येते मला.
बोट माझं होतं. बाकी काही नाही.

"रस्ता होईल, शेडमागं संडास बांधतील
असं मी सांगणार नाही तुला.
होईलही. नाहीही.
पण मतं मागायला येणारा आधी यादी बघून येतो.
ज्या घरातलं नाव नाही, त्या घरापुढं
तो गाडीची काचसुद्धा खाली घेत नाही."

दीक्षानं हात ओढणीला पुसले.
तरी फॉर्म चिकट झालाच.
फोटो बारावीचा, डोळे अर्धे मिटलेले.
पट्टा पुढं गेला होता, तिच्या वाटचे दाणे
आर्जू दोन्ही हातांनी निवडत होती.
न बघताच म्हणाली, "अजून एक कागद आहे का?"

मतदानादिवशी, शाळेच्या खोली नंबर दोनमध्ये
शाई धरेना बोटावर. बेदाण्याचं तेल मुरलेलं.
साहेबांनी फडक्यानं पुसलं, पुन्हा पुसलं,
मागं रांग कुरकुरली.
"पुसा सावकाश," दीक्षा म्हणाली, "मला घाई नाही."

आडोशामागं तिला बराच वेळ लागला.
मी बाहेर व्हरांड्यात चिठ्ठ्या शोधून देत होते.
शिट्टी आली तेव्हा
हातातली चिठ्ठी कुणाची, तेच विसरले.

कुणाला दिलं, तिनं सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.
तिच्या आईनं मात्र रांगेतूनच हळू विचारलं,
"कुणाला दाबू गं?"

चपलेत पाय सारत पोरगी म्हणाली,
"तुझं तू निवड."