मार्चपर्यंतचं

अचाओच्या धक्क्यापासून एदुविहिसबाईंचं घर
बारा मिनिटांवर, वारा समोरून असला तर वीस.
खांद्यावर पिशवी. तिच्यात दोन स्क्रू ड्रायव्हर, तीन केबली,
आणि दुसऱ्याच्या चुकीवर न हसण्याची सवय.

'मी फक्त माझ्याकडचं पुसलं, ओनोफ्रे,'
किटली न उतरवताच त्या म्हणाल्या,
'जागाच उरली नव्हती. म्हटलं,
भावाकडे पुंता आरेनासला आहेच की सगळं.'

आता हे सांगायचं कसं.
दोन्ही यंत्रांची गाठ मीच मारून दिली होती,
इथे अक्षर उमटलं की तिथे उमटायचं,
इथे खोडलं की तिथे खोडलं जायचं.
न विचारता. फार गुणी यंत्रं.
तिकडे सामुद्रधुनीच्या काठी रेमिहिओ अंडं उकडत होता,
ते शिजायच्या आत
त्याच्या टेबलावरून बटाट्यांची वही गेली.

आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार.

वही म्हणजे एकशे सोळा वाण.
जांभळा मिचुन्ये, वाकडी काब्रिता, काळी ब्रुहा,
आणि एक बिननावाचा, 'मावशीचा' एवढंच लिहिलेला.
प्रत्येकापुढे
कोणी कोणाला दिला, कोणत्या साली,
कोणाच्या वाफ्यात करपला,
मग कोणाच्या दारात जाऊन परत मागून आणला.
बायका हे पूर्वीपासून करतात इथे.
बी एकाच घरात ठेवत नाहीत.
मी कोर्स करून शिकलो तेच,
फी भरून.

तेवढ्यात मला बाल्दोविनो आठवले.
मार्चमध्ये, याच टेबलाशी, चष्मा कपाळावर ढकलून
त्यांनी विचारलं होतं, 'एक प्रत दुसऱ्या घरात, म्हणजे कोणाच्या?'
आग लागली तर जे वाचेल त्या घरात, मी म्हणालो.
ते हसले. डिस्क कोटाच्या खिशात घातली.
कुठे नेली, मला ठाऊक होतं.
बाईंना नव्हतं.

'क्लोरिंदाबाईंकडे,' मी म्हणालो.

किटली उकळत राहिली.
चार वर्षं त्या दोघींचं बोलणं बंद,
एका मेंढ्यावरून,
तो मेंढाही आता नाही.
'माझा नवरा,' बाई म्हणाल्या,
'त्या घरी जात होता?'
मी केबलीचा गुंता सोडवायला घेतला,
गुंता नव्हता.

मग मीच गेलो.
क्लोरिंदाबाईंनी काही विचारलं नाही,
कोठारात नेलं, वाळूत पुरलेल्या बियाण्याखालून
एक लोकरी मोजा काढला, गाठ मारलेला.
'पुरुषाचा आहे,' त्या म्हणाल्या, 'रफू माझं.'

डिस्क फिरली. जुनी, घरघरत, पण फिरली.
वही उघडली.
मार्चपर्यंतची.
त्यानंतरचे आठ महिने कुठेच नाहीत,
ते आता दारोदार विचारूनच भरावे लागणार.

बाईंनी चष्मा लावला. एक एक ओळ खाली.
शेवटचा रकाना: सध्या कोणाकडे.
तेवीस ओळींत बाल्दोविनो.
एप्रिलमध्ये ते गेले,
मे महिन्यात बाईंनी एका दुपारी बसून
तेवीस वेळा ते नाव काढलं होतं,
तेवीस वेळा आपलं घातलं होतं.
ती दुपार पुसली गेली होती.

'बदलू?' मी विचारलं.
'काय बदलणार?'
'नाव.'
त्यांनी खिडकीतून वाफ्यांकडे पाहिलं.
'राहू दे. पेरणी त्यांच्याच बियाण्याची झाली आहे.'

मी तीन प्रती काढल्या.
गाठ पुन्हा मारायला बोट नेलं, आणि म्हटलं
आज नको. रेमिहिओला फोनवर सांगेन.
निघताना बाई स्वयंपाकघरात वाकलेल्या,
मोजा हातात.
रिकामा परत द्यायचा नसतो, म्हणाल्या,
आणि त्यात सहा बटाटे घातले,
मावशीचे.