कोरडा शनिवार

तिनं फ्रिजच्या मागं टॉर्च मारला
आणि म्हणाली, काका, जरा इकडं या.

चौतीस वर्षं मी छापखान्यात चुका शोधल्या.
शाईचा ठिपका केसभर सरकला तरी
अख्खी थप्पी बाजूला काढणारा माणूस.
जेलरोडला हे घर बांधलं तेव्हा
गवंड्याला ओळंब्यानं रडवला होता.
आणि आता महापालिकेच्या निळ्या कोटातली
करुणा गांगुर्डे
ट्रेमधलं पाणी पांढऱ्या वाटीत ओतून
माझ्या नाकासमोर धरते. दिसतंय?

नव्हतं दिसत.
चष्मा पुसला, मग दिसलं:
पाण्यात स्वल्पविराम वळवळत होते,
उलटे लोंबकळत, शेपटीनं श्वास घेत.
वाक्य अजून पुढं होतं.

"आठ दिवसांत उडतील," ती म्हणाली,
आणि चौकटीवर खडूनं लिहिलं,
तारीख, भांडी अकरा, दूषित एक.

दूषित!
शालन आतून कडाडली,
"तिला म्हणावं नाल्यात जाऊन बघ,
इथं दोनदा फरशी पुसतात."
करुणा हसली नाही.
"काकू, नाल्यातलं त्याला चालत नाही.
ह्या डासाला स्वच्छ लागतं. तुमच्यासारखं."

तेव्हापासून माझी नजर बिघडली.
जिथं तिथं खळगाच दिसतो.
मनीप्लांटची बाटली. कुंडीखालची बशी.
नातवाचं उताणं हेल्मेट.
द्राक्षांच्या क्रेटवर टाकलेलं प्लास्टिक, मधोमध झोळ पडलेलं.
पेरूच्या मुळाशी एक करवंटी,
ती कुणी आणली ते घरात कुणीच कबूल करेना.

शनिवार ठरला.
नुसतं ओतून भागत नाही, घासायचं, काथ्यानं, कडेकडेनं,
कारण अंडी भांड्याला धरून बसतात.
पाणी गेलं तरी बसतात. महिनोन्महिने, कोरडी.
एवढी चिकाटी मी फक्त
भिशीच्या पैशाला आलेल्या माणसात पाहिलीय.

शेजारचे बोरस्ते गच्चीतून ओरडायचे,
"काय गायधनी, आज कुणाची अंघोळ?"
त्यांच्या एसीच्या नळीखाली बादली असायची.
ती एका रात्री मीच लाथेनं पाडली.
लिहून ठेवतो, म्हणजे मनावर राहणार नाही.

गणपती उठले त्या आठवड्यात
टॉर्च तोच, पण हात नवीन पोराचा.
"ताई?"
"बिटकोत आहे. डेंग्यू. प्लेटलेट उतरल्यात."

सलाइनची बाटली संपत आली होती,
तिचं लक्ष माझ्याकडं कमी, त्या बाटलीकडं जास्त.
"आमच्याकडं नळ एक दिवसाआड, काका.
तोही पहाटे, पाऊण तास.
दिवसभर सांगत फिरते, ओतून टाका, ओतून टाका.
घरी चार पिंपं.
ओतली तर पोरींनी प्यायचं काय?"

मी काही बोललो नाही.
अकरा भांडी पेरूला घालून
वर हात झटकणारा मी.

शालननं दोन जुनी सुती लुगडी काढली.
नाल्यात जा म्हणणारीच ती,
पण मशीनवर बसली आणि रात्री अकरापर्यंत
चार गोल टोप्या शिवल्या, कडेनं नाडी घालून.
माप मी घेतलं होतं. दोनदा.

सिन्नर फाट्याच्या पलीकडं, पत्र्याचं घर.
थोरली पोरगी पिंप धरून उभी राहिली,
मी नाड्या आवळल्या.
तिसऱ्या पिंपाला नळीपाशी बोटभर फट.
थप्पी बाजूला काढावी तशी टोपी काढली,
पुन्हा बांधली.
सिमेंटच्या हौदात गप्पी सोडले,
हिवताप खात्यातून आणलेले, पिशवीत सात.
धाकटीनं मोजले. सहाच भरले.
परत मोजले. सात.

निघताना खिशात खडू लागला.
तिच्या चौकटीवर लिहिलं,
तारीख, भांडी पाच, दूषित
आणि तिथं शून्य काढायला हात गेला.

काढलं नाही.
आठ दिवस जाऊ देत.