वांग्याची हजामत

फैजपूरच्या बाजारातून मामी भरताची वांगी आणायची,
फिकट हिरवी, लांबट, एखाद्या जबड्याएवढी.
विस्तवावर जायच्या आधी एक माझ्याकडे.
साबणाचा फेस, मग वस्तरा.

सुपडूमामा खुर्चीत बसून बिडी ओढत सांगे,
"दाबू नको रे भो.
वस्तऱ्याले त्याचं काम समजते,
तू निस्ता मंधी येऊ नको."

मी मधे यायचोच.
रात्री पऱ्हाट्यांवर वांगं चुर्र करायचं,
कापलं तिथून पाणी गळायचं.
मामी न बघता मोजायची,
आज चार. आज तीन.

शिमग्याच्या आदल्या दिवशी केळीच्या ट्रकवरचा हमाल आला,
शर्टभर चिकाचे काळे डाग.
बसला नि झोपला.
मामाने बिडी विझवली,
वस्तरा चामड्यावर दोनदा ओढून माझ्या हातात दिला
आणि बाहेर गेला, म्हशीला पाणी पाजायला म्हणे.
आमच्याकडे म्हैस नव्हती.

गळ्याची घाटी वर जाई, खाली येई.
वांगं कधी श्वास घेत नाही.
श्वास खाली गेला की बोटभर,
मग थांबायचं.
बारीक खरखर,
वाळल्या पानावर मुंगळा चालावा तशी.

उठला. आरशात पाहिलंच नाही,
गालावर उलटा हात फिरवला,
पैसे टाकले, गेला.

रात्री भरीत, कळण्याची भाकरी.
पहिलाच घास कालवला
आणि मिरचीने अंगठा झोंबला.
उजेडाकडे धरला. एक रेघ.

मामी म्हणाली, आज एक.