सातवी गोळी

एलियावा बाजारातल्या आमच्या गाळ्यात मध्ये भिंत नाही.
फरशीवरच्या तेलाचा रंग बदलतो, तेवढीच हद्द:
वडिलांकडे काळं, माझ्याकडे लाल.

नोदार, माझे वडील, चाळीस वर्षं निवाचे गिअरबॉक्स उघडतात.
त्यांचं सगळं एका परातीत मावतं —
दोन दांडे, दातेरी चक्रं, पितळेच्या कड्या,
आणि क्लचप्लेट, जिच्या झिजेवरून ते सांगतात
मालक घाटातला की सपाटीचा, घाईचा की चिकट.
"माझ्याकडे दात तुटला तर ओरडतो.
तुझ्या पेटीत कोण रुसलंय, कळायला कौल लावावा लागतो."

खरं आहे. माझ्याकडे क्लच म्हणजे बशांची चवड,
कागदी अस्तराच्या, तेलात मुरलेल्या.
मधल्या चाकाभोवती फिरणारी लहान चाकं,
आणि ती ॲल्युमिनियमची पाटी, वाळवीनं कोरल्यासारखी,
जिच्या वाटांतून तेलच ठरवतं: आता दुसरा, आता तिसरा.
त्या वाटांत सात पोलादी गोळ्या. मिऱ्याएवढ्या.

मंगळवारी सहाच भरल्या.
रुस्तावीचा तेंगो दारात सूर्यफुलाच्या बिया फोडत उभा,
त्याची जपानी गाडी पोट उघडं टाकून लिफ्टवर.
मी चाळण लावली, चुंबक फिरवलं,
वडिलांसमोर बोलू नये ते बोलले.

"कॉम्प्रेसर बंद कर," ते म्हणाले.
डोळ्यांत मोतीबिंदू; त्यांनी शोधलंच नाही.
स्वतःची परात उचलली, कलती केली, कान लावला.
पितळेवर काहीतरी किणकिणलं.
हद्द ओलांडून
त्यांच्या कडीत जाऊन बसली होती ती.

संध्याकाळी गाडी तिबिलिसीच्या तलावाकडे काढली.
स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून वडील डावीकडे बसले,
जिथं आयुष्यभर बसले, पण समोर काहीच नाही.
चढ लागला. गिअर पडतो ते मला काट्यावरून कळायचं,
ते काट्याआधीच पुटपुटायचे — दुसरा... तिसरा...
आणि दर वेळी डावा पाय
रबरी मॅट दाबून, सावकाश सोडायचा.

मी रस्त्याकडेच बघत राहिले.

तेंगोच्या बिलात त्यांनी स्वतःच्या अक्षरात
एक ओळ वाढवली: गोळी, एक.
पुढची जागा कोरीच ठेवली.