पासिंगच्या दिवसाचे टायर

उद्यमनगरात माझ्या दुकानाच्या मागं
आठ टायर आहेत, विकायचे नसलेले.
नक्षी अजून अशी की नख बुडावं.
रस्ता त्यांनी थोडाच बघितलाय, मैदानच जास्त:
सकाळी कुणाच्या तरी गाडीला चढायचं,
साहेबासमोर एक चक्कर, एक ब्रेक,
आणि दिवस मावळायच्या आत परत.
चारचे सहाशे.
आग विझवायचं लाल नळकांडं पाहिजे तर शंभर वर.
उधारी मी ठेवत नाही. वही ठेवतो.

परवा शालन म्हणाली,
नातीला व्हॅन लावायची, आधी पासिंग बघा.
आता म्हणे नंबर टाकला की फोनवरच दिसतं.
मी नंबर टाकला.
मुदत पुढच्या मेपर्यंत.
"झालं मग," ती म्हणाली, आणि भाकरी उलटली.

मला मात्र तो नंबर
कुठंतरी भेटल्यासारखा वाटला.
जेवण अर्धं टाकून दुकान उघडलं, वही काढली.
एकोणतीस मे. अक्षर माझंच.
सर्जेराव खोत, पांढरी व्हॅन,
टायर चार, नळकांडं एक,
सव्वापाचला जमा.
मागच्या वर्षीही. त्याच्या मागच्याही.
सरकारदरबारी गाडी पास,
त्याच तारखेला माझ्या वहीत टायर परत.

सकाळी खोताच्या दारात गेलो.
म्हटलं, फाईल दाव. सगळी. जुनीसुद्धा.
त्यानं चहा सांगितला, मग प्लॅस्टिकची पिशवी आणली.
पास, पास, पास,
कागद इतके स्वच्छ की गाडीला कुणी हात लावला
असं वाटूच नये.
आणि तळाशी, चार घड्या घातलेला एक:
नापास.
मागचा डावा ब्रेक धरत नाही.
"त्ये जुनं हाय ओ, सोडा की.
आठवड्यात पास झाली परत."

मी तोच धरून बसलो.
कोपऱ्यात ग्रीसचा अंगठा उमटलेला.
म्हणजे त्या दिवशी कुणीतरी
इस्त्रीच्या कपड्यांनिशी खाली वाकला होता.
त्या सबंध पिशवीत
एवढा एकच कागद मला खरा वाटला.

विचारलं, मग ब्रेकचं काय केलंस?
खोत चहाच्या कपाकडं बघत म्हणाला,
"दोनदा दाबला की धरतोय."

टेंबलाईच्या उतारावरनं परत येताना
स्कूटर बाजूला लावली.
पहिला दाब इथं धरला, त्या आंब्याच्या झाडापाशी.
दुसरा दाब कुठं येईल?
पावलं मोजत खाली गेलो.
सोळा, सतरा,
अठराव्याला रस्त्यावर पट्टे होते,
आणि एक बाई दोन पोरांचे हात धरून
गाड्या थांबायची वाट बघत उभी होती.
मला बघून तिला वाटलं असेल
म्हाताऱ्याचं काहीतरी हरवलंय.

संध्याकाळी खोताला चार टायर दिले.
जमाच्या रकान्यात रेघ मारली,
म्हटलं, हे परत आणायचे न्हाईत.
ब्रेक मात्र माझ्याकडं भाड्यानं मिळत नाही.
तो शेजारच्या गल्लीत, इंगवल्यांच्या खड्ड्यावर,
चाक उतरवून बसलाय. दोन दिवस लागतील.
नातीला मीच सोडतोय तोवर, स्कूटरवर.
तिनं विचारलं, "आजोबा, स्कूटरचं पासिंग असतं का?"
मी ऐकू न आल्यासारखं केलं,
आणि उतारावर उगाच एकदा ब्रेक दाबून बघितला.

आज सकाळी एकजण आला.
गुरुवारी पासिंग हाय, टायर हाईत का?
म्हटलं, गाडीत काय भरतोस?
"वाळू हो. शाळेची पोरं न्हाईत कुणी."
वाळूची गाडी शाळेवरनं जाते का,
हे मी विचारलं नाही.
चार टायर भिंतीला टेकून उभे,
वही उघडी, पेनाचं टोपण काढलेलं.
तो थांबलाय.